समोवार घ्यायचाय? तुलाचा की काश्मिरी

जुना पितळी समोवार, म्हणजे पोटातल्या निखाऱ्यांवर चहाचं पाणी तापवणारं भांडं, घ्यायचं एकदा डोक्यात शिरलं की आपल्याकडे फिरून फिरून दोनच समोर येतात, एक रशियन म्हणजे तुलाचा आणि दुसरा काश्मिरी. (तुला हे मॉस्कोच्या दक्षिणेचं शहर, तुला-मलातलं नाही. घरी हा विनोद इतक्यांदा झालाय की आता कोणी हसतही नाही.) माझ्याकडे तुलाचा आहे, मुंबईच्या चोर बाजारातून उचललेला. काश्मिरी माझा नाही, पण आमच्या मजल्यावरच्या काकू काश्मिरी पंडित, त्या लेकीकडे जम्मूला गेल्या तेव्हा त्यांचा समोवार चार महिने माझ्याकडे होता, आणि जाताना बजावून गेल्या होत्या, "नुसता शोकेसमध्ये ठेवू नकोस रे, वापर." त्यामुळे दोन्ही वापरून बोलतोय, बाकी मोजमाप वगैरे काही केलेलं नाही.

आतली रचना दोघांची एकच, आणि ती मराठी माणसाला समजावायची गरज नाही, आपला अंघोळीचा तांब्याचा बंब आठवा. मधे नळी, नळीत निखारे, भोवती पाणी, खाली राख. मी पहिल्यांदा बाल्कनीत पेटवला तेव्हा आई म्हणाली, एवढुसा बंब कशाला आणलास, एका माणसाची अंघोळ पण नाही व्हायची यात.

खरा फरक चहात आहे. काश्मिरीत चहा आतच होतो, म्हणजे पाणी, चहापत्ती, वेलची, दालचिनी, केशर सगळं पोटात जातं आणि कहवा तयार होऊनच चोचीतून बाहेर येतो. तुलाच्या पोटात फक्त पाणी. चहा वेगळ्या छोट्या किटलीत, अगदी काळाकुट्ट, त्याला झावार्का म्हणतात, आणि ती किटली समोवारच्या डोक्यावर ऊब घेत बसते. कपात ज्याला जेवढा हवा तेवढा अर्क घ्यायचा आणि वर तोटीचं उकळतं पाणी. आमच्याकडे बाबांना कडक लागतो, बायकोला नुसता रंग आलेला चालतो, दोघांचं एकाच वेळी भागतं. दूधसाखर घालून उकळलेल्या आपल्या चहाची तलफ मात्र दोन्हीत भागत नाही, तो विचार सोडूनच समोवार घ्या.

इतिहासाच्या बाबतीत तुलाचं पारडं जड आहे असं मला वाटतं, अर्थात मी ते जास्त वाचलंय म्हणूनही असेल. पीटर द ग्रेटने १७१२ मध्ये तिथे शस्त्रांचा कारखाना काढला, त्यामुळे धातूत हात बसलेली माणसं गावात आधीपासून होतीच, आणि १७७८ मध्ये लिसित्सिन भावांनी तिथे समोवार बनवायला सुरुवात केली. त्याआधी उरल भागात समोवार बनत होते, पण नाव झालं ते तुलाचं. चहा यायचा चीनमधून, रशिया-चीन सीमेवरच्या क्याख्ताच्या बाजारातून, उंटांच्या तांड्यांवर महिनोन्‌महिने, त्यामुळे तो महाग, आणि थोड्या पत्तीत घरभर माणसांना पुरवायचा तर झावार्काची पद्धत सोयीची. १८५० पर्यंत तुलात २८ कारखाने होते आणि वर्षाला १ लाख २० हजारांच्या आसपास समोवार बाहेर पडत होते. रशियनमध्ये म्हणच आहे, तुलाला स्वतःचा समोवार घेऊन जाऊ नये. आणि गंमत म्हणजे हे समोवार वजनावर विकायचे, आपल्याकडे लग्नाची भांडी घेताना तराजूत टाकायचे तसे.

काश्मिरी समोवार हा त्याचाच लांबचा भाऊ, नावसुद्धा तेच, उच्चार जरा निराळा. मुसलमान घरांत तो तांब्याचा आणि पंडितांकडे पितळेचा अशी जुनी रीत, म्हणून पितळीच हवा असेल तर तुम्ही पंडितांच्या घरातला शोधताय हे लक्षात ठेवा, श्रीनगरला झैना कदलच्या तांबटांकडे दिसतील ते बहुतेक तांब्याचेच. नक्षीच्या बाबतीत तुलाचा याच्या पासंगालाही पुरत नाही. काकूंच्या समोवारावर चिनारची पानं इतकी दाट कोरलीत की बोट फिरवलं तर सपाट जागा सापडत नाही, माझा म्हणजे सरळ नळकांडं, वर तीन-चार पदकांचे शिक्के आणि रशियन अक्षरं. दिवाणखान्यात नुसता ठेवायचा असेल तर पुढचं वाचूच नका, काश्मिरी घ्या.

पण वापरायचा असेल तर माझं घोडं अडलं ते एका क्षुल्लक गोष्टीवर. काश्मिरी समोवारला तोटी नसते, चोच असते. म्हणजे प्रत्येक कपासाठी तो आख्खा उचलून वाकवायचा. भरलेला, उकळता, पोटात निखारे असलेला. पहिले दोन-तीन कप मजा वाटते, अगदी लग्नघरात वाढल्यासारखं, पण पाहुणे आठ आणि दुसऱ्या फेरीला आपणच वाढपी, मनगट बोलायला लागतं. त्यात एकदा साडू आलेले असताना मी जरा जास्त वाकवला, आतले निखारे सरकले आणि नळीच्या वरच्या तोंडातून भुरकन राख उडाली, थेट त्यांच्या कहव्यात. केशराच्या काड्या आणि राखेचे कण एकाच कपात तरंगत होते. साडू बिचारे म्हणाले चालतं हो, आणि प्यायले पण. काकूंना नंतर सांगितलं तर त्या हसल्याच, म्हणाल्या, अरे मनगटातून वाकवायचा, खांद्यातून नाही, आणि आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. असेल. त्यांच्या हातून एक कण पडत नाही हे मी स्वतः बघितलंय, त्यामुळे दोष समोवारचा की माझा हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण पंचेचाळिसाव्या वर्षी मनगट कोण शिकणार.

तुलाचा टेबलावर ठेवला की हलवायचा नाही. ज्याला हवं त्याने उठावं, तोटी फिरवावी, बसावं. पाणी तापताना आधी बारीक सूर लागतो, मग घोंघावतो, मग उकळ्या फुटतात, आणि तो पहिला सूर ऐकायला माझी मुलगी फोन बाजूला ठेवून येते, एवढं मला पुरे आहे. माझा पाच लिटरचा आहे, कोळशावर अर्धा तास तरी खातो. (पेटवायचा तो बाल्कनीत किंवा अंगणात, बंद खोलीत कोळसा नको, हे दोन्हींना लागू.)

आता तुलाची दुखणी पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. पहिलं, तोटी गळते. जुन्या समोवारची तोटी म्हणजे निमुळती खुंटी आणि तिच्यावर घासून बसवलेलं घर, दोघांची जोडी जन्माची असते, मधे कोणी दुसऱ्याची खुंटी आणून बसवली की टिपटिप कायमची. माझ्या तोटीखाली स्टीलची वाटी असते, संध्याकाळपर्यंत अर्धी भरते. याचा त्रास होणाऱ्याला होऊ शकतो, मला होत नाही.

दुसरं जास्त गंभीर आहे, कल्हई. आतली कल्हई उडालेली असेल तर चहा प्यायचा नाही, हे पितळेच्या कुठल्याही भांड्याला लागू. काश्मिरीला कल्हई करणं हे नेहमीचं काम, तो त्यासाठीच बनलेला. तुलाचा मी पुण्यात तांबट आळीत नेला, तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने उलटा केला, नळीत डोकावला, तोटीच्या बुडाशी नखाने खरवडलं आणि म्हणाला, "साहेब, हे जोडांचे डाग कथलाचे आहेत, पितळेचे नाहीत. भट्टीवर धरला की तोटी माझ्या हातात येईल, बुड तुमच्या." मग त्याने थोडी थोडी आच देत, एकेक बाजू करत, ओलं फडकं जोडांवर गुंडाळून दोन दिवस खर्ची घातले. असा माणूस तुमच्या गावात नसेल तर तुलाचा घेताना कल्हई शाबूत असलेलाच बघा, आतून करडा-पांढरा दिसला पाहिजे, पिवळा दिसला तर भाव कितीही उतरवू देत, सोडा. आणि याच कारणाने पाणी न भरता निखारे कधीही टाकू नका, पाच मिनिटांत जोड सुटतात.

घेताना बाकी फार काही नाही. नळीत मोबाईलचा टॉर्च टाकून आतून बघा, उजेडाचा ठिपका दिसला तर भोक आहे. पाणी भरून दहा मिनिटं दुकानदाराशी गप्पा मारा. पदकांच्या शिक्क्यांवर फार भाळू नका, बाताशेव हे तुलाच्या नामांकित कारखानदारांचं नाव दिसलं की भाव दुप्पट सांगतात, पण त्या घराण्यातल्या बऱ्याच जणांचे वेगवेगळे कारखाने होते, त्यामुळे नुसत्या नावाने काही ठरत नाही. काश्मिरीत चोचीचा जोड आणि मुठीचा जोड बघा, सगळा भार मुठीवर येतो.

काकू परत आल्यावर त्यांचा समोवार घासूनपुसून देऊन टाकला. हल्ली रविवारी त्या माझ्याकडे येतात, येताना स्वतःचा काशाचा खोस, म्हणजे कहव्याची वाटी, घेऊन येतात, तो तापतो म्हणून पदरात धरतात, एक घोट घेतात आणि म्हणतात, गरम पाणी छान झालंय. मग तिसऱ्यांदा स्वतःच उठून तोटी फिरवतात.