'ॲक्टिव्ह' म्हणून गळ्यात मारलेला कंबायनर

कलाकाराच्या कानातल्या इअरपीसला बिनतारी आवाज पाठवणारे चार इन-इअर ट्रान्समीटर एकाच अँटेनावर आणायला मी ॲक्टिव्ह, म्हणजे आत ॲम्प्लिफायर असलेला, कंबायनर मागवला. जो डबा आला त्यात ॲम्प्लिफायर नावाची वस्तूच नव्हती. असे डबे सर्रास खपवले जातायत आणि त्याचा त्रास स्टेजवरच्या कलाकाराला होतो, म्हणून लिहितोय.

साउंडचेकला काही कळत नाही. तेव्हा आपण एकेक पॅक (कलाकाराच्या कमरेचा रिसीव्हर) चालू करून अँटेनाच्या जवळच तपासतो. कार्यक्रमात चारही चालू झाले, गायिका स्टेजच्या पुढच्या टोकाला गेली आणि कानात खरखर सुरू झाली; मग आवाजच गेला. ऐन अंतऱ्यात तिला इअरपीस काढून गावं लागलं. तिच्या चेहऱ्यावरची ती घाबरगुंडी मी विसरणार नाही.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: "तुमच्या फ्रिक्वेन्सी एकमेकांना भिडतायत." त्या बदलल्या, केबल बदलल्या, फरक शून्य. शेवटी कंबायनरचा पॉवर ॲडॉप्टरच उपटला. पॅकवरचा सिग्नल मीटर जागचा हलला नाही! खऱ्या ॲक्टिव्ह कंबायनरची वीज गेली तर सिग्नल धाडकन पडायलाच हवा. डबा उघडला. ॲडॉप्टरच्या दोन वायरी एका रेझिस्टरमार्गे थेट हिरव्या एलईडीला जोडलेल्या. बाकी बोर्डवर तांब्याचे चार पट्टे, पुढे एकत्र होणारे. म्हणजे साधा पॅसिव्ह कंबायनर, वर दिवा लावलेला.

चार इनपुटच्या पॅसिव्ह कंबायनरमध्ये किमान 6 डीबी जातातच. 50 मिलिवॉटचा ट्रान्समीटर असेल तर अँटेनाला जेमतेम 12 मिलिवॉट पोचतात, त्यात केबलचा लॉस वेगळा. दुसरा घोळ जास्त वाईट. ट्रान्समीटर एकमेकांपासून पुरेसे वेगळे राखलेले नसले, म्हणजे आयसोलेशन कमी पडलं, की एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये शिरतो आणि इंटरमॉड्युलेशन होतं. 520 आणि 521 मेगाहर्ट्झ चालू असतील तर 519 आणि 522 वर नको ते सिग्नल उभे राहतात. तिसरा पॅक नेमका तिथेच असला तर संपलंच. चांगल्या ॲक्टिव्ह युनिटमध्ये प्रत्येक इनपुटला वेगळा ॲम्प्लिफायर असतो, तो लॉसही भरून काढतो आणि ट्रान्समीटर एकमेकांपासून वेगळेही ठेवतो.

घेण्याआधी दोन ट्रान्समीटर लावून आउटपुट स्पेक्ट्रम ॲनालायझरवर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) दाखवायला सांगा, मध्ये सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर ठेवून. इनपुट ते आउटपुट गेन किती, आयसोलेशन किती डीबी, हे लेखी घ्या. पॉवर काढून बघायला तर काहीच लागत नाही. एका अँटेनाचा सिग्नल अनेक रिसीव्हरना वाटणारा अँटेना डिस्ट्रिब्युटर 'उलटा लावला की कंबायनर होतो' असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. त्यातले ॲम्प्लिफायर एकाच दिशेने चालतात आणि ट्रान्समीटरच्या पॉवरने जळू शकतात.

विक्रेत्याला उघड्या बोर्डचे फोटो पाठवले. तो म्हणतो, डबा उघडलात, वॉरंटी गेली. पैसे अजून अडकलेलेच आहेत आणि त्याच डब्याची जाहिरात 'ॲक्टिव्ह' म्हणून आजही चालू आहे.