जुनी मारुती ८००: घरी इलेक्ट्रिक करावी, तयार इलेक्ट्रिक घ्यावी, की पेट्रोलवरच राहू द्यावी?

टिनाच्या शेडात ८०० किंवा जुनी अल्टो उभी आहे, बॉडी धड आहे, इंजिन मात्र ऑइल पितं. अशा घरी कोणीतरी म्हणतंच, "मोटर बसवून टाकू ना बापा." तालुक्याला लेथवाला आहे, वेल्डर आहे, ई-रिक्षा दुरुस्त करणारा पोरगाही आहे. मग अडलं कुठं?

यंत्राचं काम तर जमण्यासारखं आहे. ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, वायरिंग साधं. ७९६ सीसीचं इंजिन उतरवायचं, गिअरबॉक्स तसाच ठेवायचा आणि मोटर त्याला अ‍ॅडॉप्टर प्लेट व कपलरने जोडायची. प्लेटचं सेंटर केसभर जरी चुकलं तरी गाडी थरथरते आणि बेअरिंग जातं, म्हणून लेथवाला निवडताना घासाघीस करू नका. ई-रिक्षाची मोटर इथे चालत नाही, ती दीड-दोन किलोवॉटची असते. गाडीला किमान दहा तरी हवेत. इंजिनाबरोबर अल्टरनेटर जातो, म्हणून दिवे-हॉर्नसाठी मोठ्या बॅटरीची वीज १२ व्होल्टवर आणणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतो. ब्रेकला बूस्टर असेल तर त्याचा व्हॅक्यूमही जातो. वेगळा पंप बसवला नाही तर ऐन वेळी पेडल दगडासारखं लागतं. पट्ट्यावर चालणारा एसीही बंद, आणि आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो.

खरा पैसा बॅटरीत जातो. १२ व्होल्टच्या, १०० अ‍ॅम्पिअर-अवरच्या सहा लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या म्हणजे कागदावर ७.२ युनिट वीज आणि वजन पावणेदोनशे किलोच्या घरात. त्या अर्ध्याच्या खाली उतरवल्या तर लवकर मरतात, म्हणजे हाती तीस किलोमीटर. त्यापेक्षा ३.२ व्होल्टचे २४ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल घ्या. २०० अ‍ॅम्पिअर-अवरचे असले तर पॅक १५ युनिटांचा होतो, त्यातले बारा बिनधास्त वापरता येतात, आणि शंभर किलोमीटर मिळतात. बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट), फ्यूज आणि पाणी न शिरणारी पेटी यांत काटकसर नको. पावसाळ्यात नाल्याचं पाणी रस्त्यावर येतं तेव्हा ही पेटीच कामाला येते. मोटर, कंट्रोलर, चार्जर, मजुरी धरून माझ्या अंदाजाने खर्च साडेतीन लाखांच्या खाली बसत नाही.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाने असा बदल करता येत नाही. इलेक्ट्रिक किटला एआयएस-१२३ मानकाखाली पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा वाहन-चाचणी संस्थेची मान्यता लागते. ती मान्यताही तुमच्याच मॉडेलसाठी हवी. मग अधिकृत ठिकाणी बसवून आरसीवर इंधनाची नोंद बदलायची. गावात जमवलेल्या सुट्या भागांच्या गाडीला ही वाट जवळपास बंदच आहे. कलम १८२ए नुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्याच बदलावर ठेवेल. त्यात १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनीच वाढते. ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे बहुतेक गाड्या त्या वयाला पोचल्यात.

हिशेब करा. पेट्रोल १०५ रुपये आणि अ‍ॅव्हरेज १६ धरला तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. वीज दहा रुपये युनिट आणि चार्जरमधली गळती धरून शंभर किलोमीटरला १४ युनिट, म्हणजे किलोमीटरला एक रुपया चाळीस पैसे. बचत पाच रुपये, म्हणून साडेतीन लाख फिटायला ७०,००० किलोमीटर चालावं लागतं. रोज वीस किलोमीटर चालणाऱ्याला साडेनऊ वर्षं लागतात. दारव्ह्याहून यवतमाळला रोज जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर करणाऱ्याचे पैसे तीन वर्षांत निघतात, पण शंभराच्या पॅकवर रोज ऐंशी म्हणजे पॅक थोडा जुना झाला की धाकधूक. शिवाय एअरबॅग नसलेल्या गाडीत रोज हायवेला का जावं? कमी चालवणाऱ्याला परवडत नाही, जास्त चालवणाऱ्याला पुरत नाही. घरच्या रूपांतराची खरी गोची ही आहे.

जास्त फिरणाऱ्याने सेकंड हँड टियागो ईव्ही पाहावी. ती २०२२ मध्ये आली, पॅक १९.२ किंवा २४ युनिटांचा, बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर. वॉरंटी तुमच्या नावावर येते का, हे लेखी घ्या. एमजी कॉमेट शहरात गोड, पण १२ इंची चाकं घेऊन पांदण रस्त्यावर कोण जाणार?

आठवड्याला बाजार आणि महिन्यातून एखादं लग्न एवढंच काम असेल तर इंजिनाचंच काम करून घ्या. ई-२० पेट्रोलने अ‍ॅव्हरेज थोडा घसरतो आणि जुन्या रबरी नळ्या बदलाव्या लागतात, तरी हा मार्ग सगळ्यांत स्वस्त. सीएनजीचा विचार पंप जवळ असेल तरच करा.

इलेक्ट्रिक कुठलीही घ्या, चार्जिंगसाठी घरात १५ अ‍ॅम्पिअरचा वेगळा पॉइंट आणि खरी अर्थिंग हवी. शेतीपंपाच्या लाईनवर गाडी लावू नका, वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये तो अनधिकृत वापर ठरतो. रब्बीत डीपी जळाली की दोन-चार दिवस गाडी उभी, हेही धरून चाला. घरावर पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉट बसवलं तर ७८,००० रुपये अनुदान मिळतं, मग वरचा विजेचा हिशेब आणखी खाली येतो. भर उन्हातून आलेली गाडी मात्र लगेच चार्जिंगला लावू नका, रात्री लावा.

आणि हौसच असेल, पोराला आयटीआयमध्ये शिकलेलं हातानं करून पाहायचं असेल, तर गाडी स्वतःच्या कुंपणाच्या आत फिरवायची म्हणून करा, रस्त्यावर आणू नका. काढलेलं इंजिन भंगारात देऊ नका. आरसीवर त्याचाच नंबर आहे, पुढे गाडी विकायची किंवा स्क्रॅपला द्यायची वेळ आली की तोच विचारतील.