पुसट ठशाचं नाणं घ्यावं की झिजलेलं?

एका मित्रापुढे एकाच वर्षाची, एकाच किमतीची दोन चांदीची नाणी होती. दोन्हींवर राजाच्या कानावरचे केस सपाट. कोणतं घ्यावं?

आधी चमक बघा. नाणं तिरकं धरून दिव्याखाली फिरवा. ठसाच कमी दाबाने बसला असेल, तर सपाट भागावरूनही चमक अखंड सरकते. झिजलेल्या नाण्यावर नेमक्या उंच भागांवरच ती तुटते आणि तिथला रंग मंद, राखाडी दिसतो.

मग सपाटपणाची जागा बघा. ठसा उमटवणाऱ्या साच्यातला सर्वांत खोल खळगा भरायला धातू कमी पडतो, म्हणून पुसटपणा बहुधा मधोमध, चेहऱ्याच्या उंच उठावावर असतो. पलटून पाहिलं तर बरोबर त्याच्या पाठीमागचा भागही कच्चा निघतो. तिथे भिंगाखाली कोऱ्या (ठसा बसण्याआधीच्या) चकतीचे बारीक ओरखडे दिसतात, कारण साचा तिथवर पोचलेलाच नसतो. झीज मात्र हाताळण्यातून येते. कडेसकट सगळे उंच भाग ती गुळगुळीत करते. एखादंच अक्षर गायब असेल, तर साच्यात वंगण-मळ साचला असण्याची शक्यता जास्त.

किंमत समान असेल तर मी चमकदार, पुसट ठशाचंच घेईन. पण ते जपावं लागतं, चमकेवर बोट लागू द्यायचं नाही. ज्याला मूळ पृष्ठभाग हवा, त्याने ते घ्यावं. ज्याला केसांची बट न् बट नको, पण हातात घेऊन न्याहाळायचंय, त्याला झिजलेलं बरं. घासून चमकवलेलं मात्र कुणीच घेऊ नये.