लॅटेक्स नाही, तरी गादी मऊ हवी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गादीत लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकापासून केलेला फोम, नको म्हणायची कारणं दोनच. एक तर ते परवडत नाही, नाहीतर रबराची अ‍ॅलर्जी असते. अ‍ॅलर्जी असेल तर सगळ्यात आधी काथ्याची गादी यादीतून काढा. काथ्याचे धागे एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यावर रबराचा चीकच फवारलेला असतो. 'यात लॅटेक्स नाही' असं दुकानात सांगतात ते बहुतेकदा फक्त वरच्या थराबद्दल. गादीवर घालायच्या प्रोटेक्टरच्या (संरक्षक खोळीच्या) कडेचं इलॅस्टिकही तपासा.

वापरात आहे ती गादी 72 × 60 इंचांची. खाली 5 इंची पॉकेट स्प्रिंग (प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत), मध्ये 2 इंच 40 डेन्सिटीचा मऊ एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे जास्त उसळीचा) फोम, वर 1 इंच मेमरी फोम (अंगाच्या उबेने नरमून अंगाचा आकार घेणारा). थर कुठेच चिकटवलेले नाहीत, चेनची खोळ आहे. अख्खी गादी मऊ घेतली तर कंबर खाली जाते. मऊपणा वरच्या दोन-तीन इंचांतच असावा, खालचं अंग घट्ट.

डेन्सिटी म्हणजे कडकपणा, हा गैरसमज फार पसरलाय. 40 डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला 40 किलो, बस. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. 40 चा फोम मऊही मिळतो आणि कडकही. फसवणूक मात्र इथेच होते, म्हणून शीट वजनकाट्यावर ठेवायला सांगा. 72 × 60 ची 2 इंची शीट खरोखर 40 ची असेल तर साडेपाच किलोच्या वर भरते. चार किलोच्या आसपास भरली तर ती 28 ची, आणि तिला लवकर खळगा पडणार.

लॅटेक्सची उसळी मेमरी फोममध्ये शोधू नका, तिथे नसतेच. ती थोडीफार मिळते एचआर आणि स्प्रिंगच्या जोडीतून. मेमरी फोम हवामानाप्रमाणे बदलतो: डिसेंबरच्या थंडीत आडवं झाल्यावर पहिली काही मिनिटं पाटीसारखा, एप्रिलच्या उकाड्यात इतका ढिला की कूस बदलायला जोर लागतो, शिवाय पाठ तापते ती वेगळीच. उन्हाळ्यात चेन उघडून तो थर काढून ठेवला, तेव्हाच गादी खऱ्या अर्थाने आवडली. पुन्हा घ्यायची झाली तर मेमरी फोमचे पैसे वाचवून एचआर 3 इंच घेणं शहाणपणाचं.

वजनाचा हिशोबही धरा. 55 किलोच्या माणसाला जो फोम बेताचा मऊ, त्यातून 85 किलोच्या माणसाचा खांदा थेट स्प्रिंगला टेकतो. कुशीवर झोपून बघा, निदान दहा मिनिटं. नुसतं हाताने दाबून काही कळत नाही.

पावसाळ्यात त्रास झाला तो पलंगाचा. बॉक्सच्या सलग प्लायवर गादीचा घाम अडकतो आणि खालून काळे ठिपके येतात. प्लायला वीतभर अंतरावर इंचभराची भोकं पाडली आणि दर पंधरवड्याला गादी भिंतीशी दोन-तीन तास उभी ठेवली, मग थांबलं. पट्ट्यांचा पलंग असेल तर फटी तीन इंचांपेक्षा मोठ्या नकोत.

दर तीन महिन्यांनी उशापायथा बदला. खळगा डोळ्यांनी मोजू नका: गादीवर आडवी सरळ काठी टेकवा, मधल्या फटीत पट्टी घाला. आठव्या महिन्यात इथे 8 मिलिमीटर भरलं. वॉरंटीच्या कागदावर बहुधा इंचाच्या आसपासचा खळगाच दोष धरतात, तो आकडा पैसे देण्याआधी वाचून घ्या.