बासरी, सनई की क्लॅरिनेट? लेकराच्या हातात काय द्यावं

गेल्या मे महिन्यात परभणीत एका भजनाला पेटी आणि बासरी काही केल्या जुळेनात. दोन्ही पांढरी एकच्या (म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी ‘सा’ धरलेल्या) आणि जानेवारीत गुण्यागोविंदाने वाजलेल्या. चूक कुणाचीच नव्हती. हवा तापली की आवाज तिच्यातून जास्त वेगाने जातो आणि नळीतला सूर चढतो. एका अंशाला साधारण तीन सेंट (सेंट हे सुरांतलं अंतर मोजायचं माप), आणि पेटीच्या शेजारशेजारच्या दोन स्वरांत अंतर असतं शंभर सेंटचं. पेटीही वाऱ्यावरच वाजते, पण तिची पितळी रीडं (हवेने थरथरणाऱ्या पातळ पट्ट्या) ऊन असो की थंडी, जवळपास जागेवरच राहतात. शेवटी बासरीवाल्या पोराने फुंकायचं भोक ओठाकडे थोडं वळवून घेतलं, तेव्हा सूर उतरला.

म्हणून आमच्याकडच्या उन्हाळ्यात बासरी घ्यायची तर कान तयार करायची तयारी हवी. तरीही दहा-बारा वर्षांच्या लेकरासाठी माझं मत बासरीलाच. रीड नाही, खर्च नाही. भोकाच्या काठावर हवेची धार आपटते आणि नळी बोलते. फुंकायचं भोक आणि खालचं टोक दोन्ही उघडी असल्यामुळे तीच बोटं ठेवून जोर वाढवला की वरचं सप्तक मिळतं. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब बासरी मैफलीत आणली, म्हणून दुकानदार लगेच अडीच फुटी काढून दाखवतो. ती घेऊ नका, लेकराची बोटं पोचत नाहीत. दीड फुटाच्या आसपासची पांढरी एक पुरे. पहिले काही दिवस नुसती फूस-फूस निघेल, घाबरू नका. आणि पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. बांबू तडकतो. अधूनमधून तेलाचा हात द्या.

सनई हा वेगळाच मामला. तिची नळी खाली रुंदावत जाते आणि तोंडात रीडच्या दोन पत्त्या एकमेकींवर थरथरतात. पत्ती आधी ओली करावी लागते, कधी एक रुसते, म्हणून सनईला दोऱ्याने दोन-चार जास्तीच्या टांगलेल्या दिसतील. श्वास न तोडता वाजवायचं तर गालातली हवा सोडत नाकाने श्वास ओढायचा. हे व्हिडिओ बघून येत नाही, समोर बसून शिकवणारा माणूस लागतो. तो बहुतेक पिढीजात वाजवणाऱ्या घरातच भेटेल. आपण मात्र तिला मंगलवाद्य म्हणतो आणि वाजंत्र्याला मांडवाच्या कडेला बसवतो. बिस्मिल्ला खाँना २००१ मध्ये भारतरत्न मिळालं, तरी गावातला हा हिशेब फारसा बदलला नाही. गुरू जवळ असेल तर सनई जरूर घ्या. नसेल तर शेजाऱ्यांचा तरी विचार करा!

क्लॅरिनेट जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या डेनर या वाद्य घडवणाऱ्या कारागिराने १७०० च्या सुमारास घडवला, आणि आज आपल्या वरातीत तोच पुढे असतो. एकच रीड, बटणांची यंत्रणा, आवाज लवकर निघतो. गंमत पुढे आहे. नळी एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, त्यामुळे वरच्या टप्प्यात गेल्यावर तीच बोटं ‘सा’ऐवजी वरचा पंचम देतात. बासरीवरून आलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढायलाही जास्त मेहनत पडते. पण लग्नसराईत चार पैसे कमवायचे असतील तर याच्याइतकं कामाचं तिघांत दुसरं नाही.

बँडवाल्याकडून जुना क्लॅरिनेट घेत असाल तर पॉलिश बघून भाळू नका. त्यालाच सगळी भोकं बंद करून सगळ्यात खालचा सूर हळू फुंकायला सांगा. सूर कापरा निघाला किंवा निघालाच नाही, तर पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या गाद्या, गळतायत. त्या दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा करूनच बोला.