कॉन्टेसा २६ : एका मोसमानंतर, कलण्याबद्दल आणि उलटण्याबद्दल

कॉन्टेसा २६ ही आमची छोटी शिडाची बोट चटकन कलते, हे आधीच सांगून टाकते. बारा-तेरा नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा, मेन (मुख्य) आणि जिनोआ (पुढचं मोठं) दोन्ही शिडं पूर्ण उघडी, की केबिनच्या भिंतीवरच्या कोनमापकाचा काटा बघता बघता वीस अंशांवर जातो. पंचविसाला बाजूचा काठ पाण्याला टेकायच्या बेतात येतो. पहिल्यांदा बसलेला पाहुणा इथेच दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट धरतो आणि विचारतो, "उलटणार तर नाही ना?" गंमत अशी की यापुढे ती हट्टी होते. पंचविसावरून तीस अंशांवर न्यायला वाऱ्याला बरीच ताकद लावावी लागते, आणि तिथून पुढे आमच्या बोटीला मी तरी अजून गेलेलं पाहिलेलं नाही.

वसंतात घेतली, आता थंडीसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लिमिंग्टनच्या यार्डात टेकूंवर उभी आहे. मधल्या काळात सोलंटमध्ये, म्हणजे इंग्लंड आणि आइल ऑफ वाइट बेटाच्या मधल्या सामुद्रधुनीत, भरपूर फिरलो, तिच्या पश्चिम टोकाच्या नीडल्स खडकांबाहेर पडून पूल बंदरापर्यंत गेलो, आणि एकदा हवामानाचा चांगला अंदाज बघून फ्रान्सच्या शेरबूरलाही. नवरा आणि मी, बहुतेक वेळा दोघंच. लिहायचं कारण म्हणजे घेण्याआधी मी जे जे वाचलं त्यात बोटीच्या स्थैर्याबद्दल एक तर "टेंडर आहे", म्हणजे चटकन कलते, एवढंच होतं, नाहीतर "समुद्रात अभेद्य" अशी आरती. खरं उत्तर या दोन्हींत नाही.

थोडा इतिहास. फोकबोट या स्कॅन्डिनेव्हियन बोटीच्या घडणीवरून डेव्हिड सॅडलर आणि जेरेमी रॉजर्स यांनी १९६०च्या दशकात लिमिंग्टनलाच ही काढली. लांबी साधारण ७.८ मीटर, रुंदी जेमतेम २.३ मीटर, वजन सुमारे २,४५० किलो, त्यातलं हजार किलोहून जास्त कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड कण्यात. म्हणजे बेचाळीस टक्क्यांच्या वर वजन पाण्याखाली, तळाशी. आजच्या याच लांबीच्या बोटी पाऊण मीटरने जास्त रुंद असू शकतात, म्हणून त्यांच्या शेजारी ही मरीनात उपाशी दिसते.

उन्हाळ्यात सासूबाई मालवणहून आल्या होत्या. लिमिंग्टनहून समोरच्या बेटावरच्या यारमथला जाताना त्यांनी बोटीकडे दोन्ही बाजूंनी नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "गो, हिका उलांडी खंय आसा?" मालवणात लहान होडीला बाजूला उलांडी बांधतात, लाकडाचा तरंगता ओंडका, तो होडीला कलू देत नाही. प्रश्न अगदी नेमका होता. मी म्हटलं, "आई, हिची उलांडी खाली आहे, पाण्यात." त्यांना काही ते पटलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं, कारण दोन्हींचं काम सारखं नाही.

उलांडी असो की रुंद तळ, दोन्ही पहिल्याच अंशापासून विरोध करतात. बोट जरा कलली की पाण्याचा वर ढकलणारा जोर खालच्या कुशीकडे सरकतो, वजन मात्र मध्यरेषेजवळून खाली ओढत असतं, आणि या दोन रेषांमधलं आडवं अंतर बोटीला सरळ करतं. रुंद बोटीत हे अंतर सुरुवातीला झपाट्याने वाढतं, म्हणून ती भक्कम वाटते. पण पन्नास-साठ अंशांनंतर रुंदीकडून मिळण्यासारखं फारसं उरत नाही. पूर्ण उलटल्यावर तर तीच रुंदी बोटीला उलट्या स्थितीत घट्ट धरून ठेवते. कीलमधल्या वजनाचं याच्या विरुद्ध. बोट सरळ असताना ते खालीच लटकत असतं, काहीच करत नाही. ती जितकी आडवी होईल तितकं ते बाजूला येतं, आणि नव्वद अंशांवर, डोलकाठी पाण्याला लागलेली असताना, त्याची तरफ सगळ्यात लांब होते. म्हणून अरुंद, जड कीलची बोट थोड्या वाऱ्यात घाबरवते आणि जास्त कलल्यावर सांभाळते.

बोट किती अंशांपर्यंत स्वतःहून परत येईल, त्या मर्यादेला स्थैर्य संपण्याचा कोन म्हणतात. त्याचं महत्त्व १९७९च्या फास्टनेट शर्यतीने शिकवलं, म्हणजे इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परत येणाऱ्या शिडांच्या बोटींच्या शर्यतीने. ऑगस्टच्या वादळात ३०३ बोटींपैकी शंभरसुद्धा शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत, १५ स्पर्धक मरण पावले, आणि कितीतरी बोटी आडव्या झाल्या किंवा पूर्ण उलट्या झाल्या. सगळ्यात लहान बोटींच्या वर्गात शर्यत पुरी केली ती एकाच बोटीने, 'असेंट'ने. ती कॉन्टेसा ३२, आमच्या बोटीची मोठी बहीण. नंतर साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या वुल्फसन युनिटने तुलना केली, तेव्हा कॉन्टेसा ३२चा हा कोन दीडशे अंशांच्या पलीकडे निघाला. त्या काळातल्या रुंद, हलक्या शर्यतीच्या बोटींचा एकशेवीसच्या आसपास. फरक तीसेक अंशांचा, पण एकशेवीसवाली बोट उलटल्यावर सरळ व्हायला मोठ्या धक्क्याची वाट बघते, आणि दीडशेवालीला पुढची साधी लाटही पुरते.

आमच्या २६चा नेमका कोन मी इथे देत नाही. तिच्या काळात तो मोजून पाटीवर लिहायची पद्धतच नव्हती. युरोपात बोटींना अ, ब, क, ड अशा श्रेणी सक्तीच्या झाल्या त्या १९९८ पासून. त्यातही एक मजा आहे. त्यामागच्या मानकात अ श्रेणीसाठी, म्हणजे खुल्या महासागरासाठी, किमान तीन टन वजन लागतं. आमची अडीच टनांच्याही आत, म्हणजे कागदावर अ मिळायचीच नाही. पण टानिया एबी ही अमेरिकन मुलगी १९८५ साली अठराव्या वर्षी न्यूयॉर्कहून निघाली आणि १९८७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली, ती कॉन्टेसा २६ मधूनच. श्रेणी चुकीची आहे असं मला म्हणायचं नाही. लहान बोटीला लाट लवकर उलटवते, हे त्या तीन टनांच्या अटीमागचं कारण खरंच आहे.

विक्रीच्या जाहिरातींत आणखी एक आकडा नाचवतात, उलटण्याची चाळणी. रुंदी फुटांत घ्यायची, वजन पौंडांत घेऊन ६४ने भागायचं, त्याचं घनमूळ काढायचं आणि रुंदीला त्याने भागायचं. उत्तर दोनच्या खाली आलं तर ठीक. आमचं येतं १.७१. समजा २६ फुटांचीच, पण नऊ फूट रुंद आणि ४,५०० पौंडांची बोट घेतली, तर येतं २.१८. पटकन अंदाज घ्यायला बरं आहे, पण या सूत्रात कीलचं वजन कुठे आहे हे विचारलेलंच नाही. सगळं वजन डोलकाठीच्या टोकाला बांधलं तरी उत्तर १.७१च येईल! या एका आकड्यावर कोणी बोट विकायला आलं तर मी नमस्कार करून निघेन.

आता खरी भीती कशाची. वारा एकटा कीलच्या बोटीला सहसा उलटवत नाही. ती कलली की शिडातून वारा निसटतो, आणि शीड पाण्याला लागलं की वाऱ्याला ढकलायला काही उरत नाही. उलटवते ती फुटणारी लाट, आणि तीसुद्धा बोट लाटेला आडवी सापडली तर. फास्टनेटनंतरच्या टाकीतल्या प्रयोगांत दिसलं की फुटणाऱ्या लाटेची उंची बोटीच्या लांबीच्या तीस टक्के झाली की काही बोटी उलटू लागतात, आणि साठ टक्क्यांना तपासलेली कुठलीच टिकली नाही. आमच्यासाठी हे आकडे २.३ मीटर आणि ४.७ मीटर. पहिला आकडा मी वहीत लिहून ठेवला, कारण २.३ मीटर म्हणजे काही दक्षिण महासागर नव्हे. नैऋत्येचा जोराचा वारा, त्याच्यासमोर सोलंटच्या पश्चिमेकडच्या, हर्स्टच्या चिंचोळ्या तोंडातून सुटलेली ओहोटी, आणि बाजूला शिंगल्सची उथळ पट्टी, एवढं जमलं की नीडल्स चॅनलमध्ये तसं पाणी तयार होतं. तिथे कीलचे हजार किलो कामाला येणार नाहीत. भरती-ओहोटीचं कोष्टक येईल. वारा आणि ओहोटी समोरासमोर असतील तर आम्ही त्या तोंडाकडे जात नाही, यारमथला थांबून चहा पितो.

मोठ्या समुद्रात जड, लांब कीलच्या बोटीही लोळतात, म्हणजे पलटी खातात. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीतली अभिलाष टॉमींची 'थुरिया' आठवा. गोव्यात बांधलेली, बत्तीस फुटी, जुन्या 'सुहेली'ची प्रतिकृती, म्हणजे जड, लांब कील. २०१८च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती लोळली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, आणि फ्रान्सच्या 'ओसिरिस' जहाजाने त्यांना उचललं. त्याच वादळात शर्यतीतली आणखी एक बोटही डोलकाठी गमावून बसली. (टॉमी पुढच्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. असे लोक आपल्यात आहेत, हे जरा मोठ्याने सांगायला हवं.)

डोलकाठीवरून एक उलटं वाटणारं सत्य. वर वजन नको, हे आपण सगळे शिकतो. पण लाटेचा तडाखा क्षणभराचा असतो, आणि त्या क्षणी बोट किती वेगाने फिरेल हे वजन मध्यापासून किती दूर पसरलंय यावर ठरतं. उंच डोलकाठी त्या फिरण्याला मोठा विरोध करते. ती मोडली की बोट स्थिर पाण्यात जास्त ताठ उभी राहते, आणि फुटणाऱ्या लाटेत पुन्हा लोळण्याची शक्यता मात्र वाढते. म्हणून वादळात डोलकाठी वाचवणं हा उलटण्यापासून बचावच आहे.

पण म्हणून वर सामान चढवू नये, तेवढ्यापुरती डोलकाठी पुरेशी आहे. आधीच्या मालकांनी अर्ध्या उंचीवर रडार बसवलं होतं, पुढचं शीड गुंडाळणारी नळी होती, आणि मागच्या कठड्याला पाण्याचे डबे बांधलेले. हिशेब सोपा आहे: दहा किलो वजन गुरुत्वमध्याच्या नऊ मीटर वर लावलं की आमच्या बोटीचा गुरुत्वमध्य सुमारे ३.७ सेंटिमीटर वर सरकतो, आणि नव्वद अंशांवर सरळ करणारी तरफ तेवढीच तुटते. मोठ्या बोटीत हे हरवून जातं, अडीच टनात नाही. रडार काढलं, डबे केबिनच्या तळाशी गेले. शीड गुंडाळणारी नळी ठेवली, कारण दोघांनीच चालवताना पुढच्या डेकवर कमी वेळा जावं लागतं, आणि बोट उलटण्यापेक्षा माणूस पाण्यात पडणं कितीतरी जास्त घडतं. दोन्ही बाजूंना पट्टे ताणलेत, अंगाचा दोर त्यांना अडकवल्याशिवाय रात्री कोणी बाहेर येत नाही.

बोट उलटली तर आतलं काही सुटू नये म्हणून बॅटरीला पट्टा, तळाच्या फळ्यांना खिट्या, शेगडीला कडी, हे सगळं एका पावसाळी शनिवारी उरकलं. जास्त वेळ गेला तो केबिनच्या दाराच्या फळ्यांवर. त्या नुसत्या खाचेत बसतात. बोट उलटी झाली की घसरून निघून जातात आणि मग आत समुद्रच. फास्टनेटमध्ये हे घडलं होतं. आता त्यांना दोरी आहे आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून लागणारा अडसर.

अरुंदपणाची किंमतही मोजावी लागते. आत सरळ उभं राहता येत नाही. काठ पाण्याला जवळ, त्यामुळे वाऱ्यासमोर जाताना तोंडावर पाणी ठरलेलं. वारा पाठीमागून असला की दोन्हीकडे डोलत राहते, स्वयंपाक नको वाटतो. लांब कीलमुळे इंजिनावर मागे नेताना ती कुठे जाईल हे तिचं तिलाच माहीत, मरीनात मी आधी कोणाची तरी मदत मागते. आमच्या मित्रांकडे वेस्टर्ली सेंटॉर आहे, त्याच लांबीची, दोन कीलची, अशा चोवीसशेच्या वर बांधल्या गेल्या. ओहोटीला चिखलात सरळ उभी राहते, कमी कलते, मुलं आत पत्ते खेळतात. लहान मुलं असतील आणि सोलंटच्या बाहेर क्वचितच जायचं असेल तर मी ती घ्यायला सांगेन.

आम्हाला दोघांनाच इंग्लिश खाडी ओलांडायची होती, त्यामुळे हिच्यावर खूश आहे. शीड मी लोकांच्या आधी कमी करते. चौदा नॉटला पहिला रीफ, म्हणजे शिडाची पहिली घडी. पंचवीस अंशांवर रडतखडत जाण्यापेक्षा अठरा अंशांवर ती जलद चालते आणि सुकाणू हलकं राहतं. घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याकडून डोलकाठीवर नंतर काय काय चढवलंय त्याची यादी मागा, दाराच्या फळ्या हाताने वर उचलून बघा, आणि कीलमध्ये पाणी शिरलंय का हे सर्व्हेअरकडून तपासून घ्या.