माल आधी, भाव नंतर: एका धान्यविक्री करारातील फसवणूक

काढणीच्या दिवसांत भाव पडलेले असतात आणि साठवायला जागाही अपुरी असते. या दोन्ही अडचणींवर तोडगा म्हणून ‘माल आत्ता द्या, भाव नंतर ठरवा’ असा करार पुढे केला जातो. हा करार मुळात वाईट नाही आणि व्यवहाराला चोख खरेदीदार असला तर तो नीट पारही पडतो. आमच्या बाबतीत मात्र त्याच कराराच्या आडून जे घडले, ते इतर धान्य उत्पादकांना वेळीच कळावे म्हणून येथे सविस्तर मांडत आहे.

व्यापाऱ्याचे बोलणे अगदी साधे होते. “माल आज काट्यावर घाला, भाव तुम्ही म्हणाल त्या दिवशीचा लावू.” सोबत त्याने मोबाइलवर वायदे बाजारातील, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे सौदे आजच होतात त्या बाजारातील, पुढच्या महिन्यांचे भाव दाखवले. ते चालू महिन्यापेक्षा चढे होते आणि बाजारच तेजी सांगत आहे, असा त्याचा दावा होता. वस्तुतः साठवता येणाऱ्या धान्याच्या दूरच्या वायद्यात दिसणारी वाढ ही बहुतांशी तोपर्यंत माल सांभाळण्याचा खर्च दाखवते. गोदामभाडे, अडकलेल्या पैशांवरचे व्याज आणि विमा हे सारे त्यात धरलेले असते आणि त्याला तेजीचे भाकीत समजणे चूक आहे. व्यापाऱ्याला हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते, कारण तोच साठवणुकीचा खर्च तो कराराप्रमाणे दरमहा आमच्या नावावर टाकत होता.

कराराच्या शीर्षकात ‘साठवणूक’ हा शब्द ठळक होता, परंतु मागच्या पानावरील एका कलमानुसार माल काट्यावरून उतरताच त्याची मालकी खरेदीदाराकडे जात होती. साऱ्या प्रकरणाची मेख येथेच आहे. रीतसर वखार पावतीवर, म्हणजे गोदामाने माल ठेवून घेतल्याबद्दल दिलेल्या पावतीवर, ठेवलेले धान्य ठेवणाऱ्याचेच राहते, वखारवाल्याला ते परस्पर विकता येत नाही आणि त्या पावतीवर कर्जही मिळू शकते. आमच्या हातात होती ती केवळ काटापट्टी, म्हणजे वजनाची चिठ्ठी. कायद्याच्या दृष्टीने आम्ही त्या दिवसापासून धान्याचे मालक उरलो नव्हतो. व्यापाऱ्याला विनातारण उधारी देणारे, एवढीच आमची ओळख उरली होती.

हंगाम ओसरल्यावर त्याच्या गोदामात जाण्याचा योग आला, तेव्हा आमचे धान्य जेथे उतरवले होते तेथील फरशी झाडून स्वच्छ केलेली होती आणि कोपऱ्यात खताची पोती रचलेली होती. चौकशीअंती कळले की माल आल्या-आल्याच पुढे रवाना झाला होता. त्याची रक्कम त्याने दुसऱ्या व्यवहारांत गुंतवली होती आणि वायदे बाजारात तेवढ्याच मालाच्या खरेदीचा सौदा करून भाव चढण्याचा स्वतःचा धोकाही झाकला नव्हता. आम्ही मात्र भाव पडण्याचीच काळजी करत बसलो होतो. प्रत्यक्षात माल स्वस्तात विकून मोकळा झालेल्या माणसाला भाव चढणेच जड जाते, कारण वाढीव रक्कम त्याला खिशातून भरावी लागते. त्यामुळे ज्या तेजीची आम्ही वाट पाहत होतो, तिच्यामुळेच पैसे बुडण्याची शक्यता वाढत होती. भाव चढला, आम्ही लेखी कळवून भाव निश्चित केला आणि तेथून टाळाटाळ सुरू झाली.

अखेर जी हिशोबपट्टी हाती आली, तिच्यात आणखी दोन करामती निघाल्या. करारात भावाचे सूत्र ‘वायदे बाजारातील भाव वजा स्थानिक फरक’ असे होते, परंतु फरकाची, म्हणजे वायद्याचा भाव आणि गावातला भाव यांतील अंतराची, जागा सही करताना कोरी ठेवलेली होती. हा फरक काढणीच्या गर्दीत सहसा मोठा असतो आणि आवक ओसरली की बहुधा कमी होतो. व्यापाऱ्याने भाव नंतरच्या दिवसाचा धरला आणि फरक मात्र काढणीच्या दिवसाचा लिहिला. कोणत्या महिन्याचा वायदा धरायचा हेही करारात नव्हते, म्हणून त्याने त्यातला सर्वांत स्वस्त निवडला.

दुसरी करामत ओलाव्याच्या घटीची. १०० क्विंटल धान्य १६ टक्के ओलाव्याचे असेल तर त्यात कोरडा भाग ८४ क्विंटल असतो. ते १२ टक्क्यांवर आणले की वजन ८४ भागिले ०.८८, म्हणजे सुमारे ९५.४५ क्विंटल भरते. पाण्याची खरी घट अशा रीतीने ४.५५ क्विंटल होते. हाताळणीतील नासाडीसाठी आणखी थोडे धरले तर ते समजण्यासारखे आहे. आमच्याकडून प्रत्येक टक्क्याला दीड टक्का या हिशेबाने सरळ ६ क्विंटल कापले गेले आणि त्याच ओलाव्याचे कारण पुढे करून प्रतीच्या रकान्यात भावातही वेगळी कपात लावली गेली. एकाच दोषाचा दंड असा दोनदा वसूल झाला. हे आकडे हिशोबपट्टीत निरनिराळ्या ओळींत विखुरलेले असल्यामुळे सहज नजरेत येत नाहीत.

आजवर मूळ रकमेचा काही भाग मिळाला आहे. उरलेल्यासाठी दावा दाखल आहे, परंतु गोदाम आणि शिल्लक माल बँकेकडे तारण असल्यामुळे आमचा क्रमांक तिच्या नंतर लागतो.

भाव वाढीचा लाभ हवा असेल तर माल दुसऱ्याच्या ताब्यात उधार देण्याखेरीज इतर मार्ग आहेत. गरजेपुरता माल काढणीलाच रोख विकून उरलेला स्वतःच्या ताब्यात किंवा वखार पावतीवर ठेवता येतो आणि टप्प्याटप्प्याने काढता येतो. जेथे त्या धान्याचे ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क देणारे सौदे, उपलब्ध आहेत, तेथे सारा माल रोख विकून खरेदीचा हक्क देणारे ऑप्शन घेतले, तर भाव पडला तरी नुकसान त्या हक्कासाठी भरलेल्या रकमेपुरते, म्हणजे प्रीमियमपुरते, राहते. प्रीमियम महाग वाटतो, हे मान्य. पण त्यात माल देऊन पैशांसाठी खेटे घालावे लागत नाहीत.

ज्यांचा असा करार सध्या चालू आहे, त्यांनी कोऱ्या जागा दोघांच्या सह्यांनी भरून घ्याव्यात आणि मालाच्या चालू किमतीचा मोठा हिस्सा आगाऊ मागावा. भरलेल्या व रिकाम्या गाडीच्या वजनासह काटापट्टी, ओलाव्याची नोंद आणि भाव निश्चित केल्याचा तारखेसह पुरावा जपून ठेवावा. आगाऊ रक्कम द्यायला खरेदीदार कां-कूं करू लागला, तर उरलेल्या मालाचा भाव त्याच दिवशी निश्चित करून पूर्ण रकमेची लेखी मागणी करावी.